उसनं नेलेलं जंगल

आमच्या गावच्या नाटकात राजपुत्र राजवाडा सोडून वनवासाला निघतो. एका विंगेतून बाहेर पडतो, दुसऱ्या विंगेतून आत येतो, आणि मागे तोच राजवाडा असतो. तेच चार खांब, तीच झुंबरं, तोच लाल गालिचा. राजपुत्र कपाळावर आडवा हात धरून म्हणतो, “अहाहा, किती हे घनदाट अरण्य!” गावातलं कोणी हसत नाही. पाहुणे हसतात. मग शेजारचा माणूस त्यांना कोपरानं ढोसून सांगतो, “हसू नका. जंगलच आहे ते. आमचा पडदा दिल्लीले गेला.”

ही सगळी करणी एका माणसाची. गावात त्यांना पेंटर म्हणत, मी पेंटरकाका म्हणायचे. आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. तिन्ही बाजूंनी धान आणि चौथ्या बाजूला खरंखुरं जंगल. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. गावाच्या नाटकासाठी काकांनी तरुणपणी तीन पडदे रंगवले होते: एक राजवाडा, एक रस्ता, एक जंगल. त्यांतलं जंगल माझ्या जन्माआधीच दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी कलासंग्रहालयात गेलं. काकांनी त्याच्या जागी दुसरं रंगवलं नाही. कोणी विचारलं की एकच उत्तर: “नवा कायले? तो येऊन राहिला.”

तीसेक वर्षं तो पडदा येऊन राहिला होता.

काकांचा आयुष्याबद्दल एकच सिद्धांत होता आणि तो अंतराचा होता. पडदा खळ्यात अंथरायचा, काठीला कुंचला बांधून उभ्यानं रंगवायचा, आणि मग भिंतीवर टांगून मागे मागे चालत जायचं. जिथे प्रेक्षकांची शेवटची सतरंजी पडते तिथपर्यंत. तिथून दिसेल ते चित्र, बाकी सगळा राडा. “जवळून पाह्यलं तं सगळं रंगच असते,” असं ते म्हणत. हे त्यांनी पडद्यापुरतं ठेवलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण त्यांनी ते माणसांनाही लावलं. त्यांच्याशी बोलायला गेलं की आधी हात वर करून थांबवायचे. “तिथीच थांब. त्या चिंचेजवळ. हां, आता सांग.” मग आपण चिंचेखालून ओरडून सांगायचं की आईनं विरजण मागितलंय.

मुलगी पाहायला गेले तेव्हाही मुलीच्या घरात बसले नाहीत म्हणे. शेजारच्या ओसरीवर जाऊन बसले आणि तिथून मुलीला अंगणात उभं करायला लावलं. काकी ही गोष्ट सांगताना अजून चिडायची. “यायनं मले लग्नाच्या दिवशी पयल्यांदा जवळून पाह्यलं. मी बी यायले तवाच पाह्यलं. तवापर्यंत उशीर झाला होता.”

पुढाऱ्यांबद्दल मात्र त्यांचा सिद्धांत कामाचा होता. गावात कोणी गाडी घेऊन आलं आणि मंचावरून बोलू लागलं की काका मंचाच्या मागे जाऊन उभे राहत. विचारलं तर म्हणायचे, “पुढून तं पडदा दिसते. बांबू पाहा लागते, कोनत्या बांबूवर टांगला तो.”

माझे वडील तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांची संघटना चालवत. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, पापड पत्रकांवर वाळले, आणि पावसाळ्यात छताच्या फटीतही पत्रकंच गेली. काकांचं यावर मत होतं. “तुज्या बापाचं पत्रक नाकाले लावून वाचा लागते. म्हनून कोनी वाचत नाई. अक्षर मोठं करा, शब्द कमी करा. कॉम्रेड, हे तुमच्या पार्टीले कोन सांगन?” मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला पार्टीचा अपमान सहन होत नसे. मी त्यांना दहा मिनिटं उत्तर दिलं. चिंचेखालून.

आता पडदा गेला कसा ते सांगते.

आमच्या भागात तेव्हा पडदा विकत नसत, मागून नेत. ज्या गावची मंडई असेल त्या गावची चार माणसं नारळ घेऊन यायची. नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं, पडदा बांबूवर गुंडाळून खांद्यावर निघायचा. मंडई झाली की पुन्हा नारळासकट परत. फाटला असेल तर टाका घालून. लिहिणं नाही, सही नाही. नेणाऱ्यानं नारळ आणला म्हणजे पडदा उसना, आणि उसना म्हणजे परत येणार. हा कायदा पोरासोरांनाही माहीत होता.

एका मंडईला शहरातून एक अभ्यासक आले. त्यांना गावातलं सगळंच फार आवडलं. माणसं आवडली, कोंबडा आवडला, चुलीवरचा भात आवडला, आणि जंगलाचा पडदा तर इतका आवडला की म्हणाले, हा दिल्लीला दाखवला पाहिजे. गाव म्हणालं, दाखवा, पण नारळ आणा. साहेबांना ही पद्धतही आवडली. त्यांनी अर्जुनीहून नारळ आणवला, फोडला, फोडताना स्वतःचा फोटो काढून घेतला, आणि एका इंग्रजी कागदावर पाच जणांच्या सह्या घेतल्या. काका त्या वेळी शिडीवर चढून राजवाड्याच्या दोऱ्या आवळत होते. ते वरूनच ओरडले, “उंदरापासून जपा!” त्यांची सही राहून गेली.

पुढच्या वर्षी दसरा आला, मंडई जवळ आली, पडदा आला नाही. काकांनी संग्रहालयाला पोस्टकार्ड टाकलं. मजकूर पाठ आहे मला, कारण तो कधी बदलला नाही. ‘मंडई आली. पडदा धाडा. ओला होऊ देऊ नका. उंदरापासून जपा.’ त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. दर दसऱ्याला लोक सोनं वाटत फिरायचे आणि काका पोस्टाच्या पेटीकडे चालत असायचे. मंडईच्या कमिटीवाले वैतागले. जंगल गेल्यापासून शिकारी गालिच्यावरून शिकार करत होते आणि ऋषी झुंबराखाली तपाला बसत होते. “काका, चार दिवसांचं काम आहे. नवा काढून टाका नं,” ते विनवायचे.

“नवा काढला तं त्यायले वाटन, भागलं यायचं.”

“कोनाले वाटन? तिथी कोनाले ठाऊक आहे तुमचं?”

“मले ठाऊक आहे नं.”

काकी म्हणायची, “अख्ख्या गावाले वनवास. अना तोबी राजवाड्यात. असं कोन्या पोथीत नाई.”

मला लहानपणी हा सगळा विनोदच वाटे. कॉलेजात गेले, डोक्यात हवा भरली, आणि मग वाटलं की विनोद गावाचा नाही, गावावर झालेला आहे. खऱ्या जंगलात पाय टाकायचा तर वनखात्याच्या नाक्यावर नाव सांगावं लागतं. रंगवलेलं जंगल दिल्लीत. आमच्याकडे उरला राजवाडा, तोही कापडाचा. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. बऱ्याच दिवसांनी त्या इंग्रजी कागदाची झेरॉक्स आली. मी काकांच्या अंगणात ती मराठीत वाचून दाखवली: ग्रामस्थांनी हा पडदा राष्ट्राला आनंदानं आणि कायमचा अर्पण केला आहे.

काकांनी झेरॉक्सची घडी घातली. मग म्हणाले, “अर्पन देवाले करतात. नारळ आपन घेऊन जातो, देव घेऊन येत नाई. यायनं तं नारळ आनला होता. मंग अर्पन कसं झालं?”

मी कायद्याची दोन वर्षं शिकले होते. इतकं स्वच्छ कलम मला एकाही पुस्तकात भेटलं नव्हतं.

आम्ही दिल्लीला निघालो. काका, काकी आणि मी. माझ्या पिशवीत ‘अज्ञात कलावंत म्हणजे कोण?’ या मथळ्याची पत्रकं होती, कारण संग्रहालयाच्या यादीत पडद्यापुढे ‘कलावंत: अज्ञात’ असं लिहिलं होतं आणि माझं रक्त उकळत होतं. काकांच्या खांद्यावर बांबू होता. पडदा गुंडाळून आणायचा तर बांबू नको? त्यांनी तो मधोमध कापून दोन तुकडे केले होते, तिकडे गेल्यावर सुतळीनं जोडायचे म्हणून. गोंदियाला गाडीत चढताना पहिला तुकडा दारात अडकला, दुसरा एका बाईच्या डोक्याला लागला, आणि नागपूरपर्यंत आमच्या डब्यात आमच्याशी कोणी बोललं नाही. टीसी आला.

“ये क्या है?”

“बांबू.”

“वो तो दिख रहा है. किसलिए?”

“परदा लपेटने का.”

“परदा कहाँ है?”

“लाने को जा रहे नं.”

टीसीनं आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तिकीट न तपासताच पुढे गेला. काकीनं त्याच दुपारी माझी पत्रकं काढून त्यांवर लोणचं आणि भाकरी वाढली. मी विरोध केला. ती म्हणाली, “वाचून झाली नं तुजी? मंग?”

संग्रहालयाच्या दारात सुरक्षारक्षकानं बांबू अडवला. आत काठी, छत्री, खाणं, काही चालत नाही. काका बांबू सोडायला तयार नव्हते. शेवटी सामानघरातल्या माणसानं दोन्ही तुकडे घेतले, भिंतीला टेकवले आणि एक पितळी बिल्ला हातात दिला. काकांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि काकीला म्हणाले, “पाहाय. बांबूचा बिल्ला देतात. पडद्याचा नाई देल्ला.”

आत गेल्या गेल्या एका मोठ्या फलकावर संग्रहालयाचा इतिहास लिहिला होता. मी मोठ्यानं वाचला. ही इमारत इंग्रजांच्या काळी नकाशे काढायची कचेरी होती. देशभरातली राज्यं, नद्या, जंगलं इथे कागदावर उतरली. स्वातंत्र्यानंतर इथे कलेचं घर झालं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून लोकांनी मौल्यवान वस्तू भेट दिल्या.

“कोनी देल्ल्या?”

“लोकांनी. देशभरातल्या.”

“आपल्या गावात मागून लिंबू भेटत नाई,” काका म्हणाले, “अना बाकीचा देश एवढा दिलदार?”

मग ते एकेका वस्तूपुढे थांबू लागले. त्यांना चित्रात रस नव्हता, पाटीत होता. मला वाचायला लावायचे. देवळाचं कोरीव दार, अमुक गावाहून भेट. “देवळाले आता दार कोनतं आहे?” लाकडी मुखवटा, अमुक टोळीकडून प्राप्त. “मंग ते नाचतात काय घालून?” काकी लाजून चार पावलं मागे चालत होती, आम्ही तिच्या ओळखीचे नसल्यासारखी.

हाताच्या पंजाएवढी बारीक चित्रं असलेल्या दालनात लोक काचेला नाक लावून उभे होते. काकांनी सवयीप्रमाणे दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. तिथून त्यांना टिकल्या दिसल्या. “हे पाहाले नाई काढलं,” त्यांनी निकाल दिला. “हुंगाले काढलं.” पुढच्या दालनात एक पांढराशुभ्र मोठा कॅनव्हास होता आणि मधे एक काळा ठिपका. इथे मात्र ते मागे सरले, आणखी मागे सरले, आणि मान डोलावली. “हा मानूस इमानदार आहे. जेवढं दुरून दिसते तेवढंच काढलं.”

आणि मग आमचा पडदा आला.

एका अरुंद दालनात, भिंतीभर ताणून लावला होता. पुढे लाल दोरी. पाटी: ‘अरण्य. रंगमंचाचा पडदा. मध्य भारत. कलावंत: अज्ञात. ग्रामस्थांकडून भेट.’ लोक दोरीला पोट लावून बघत होते. चार पावलांवर समोरची भिंत, त्यामुळे मागे जायला जागा नाही. मी जे जंगल आयुष्यभर ऐकत आले होते ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. हिरव्या-काळ्या रंगाचे फराटे. शेणानं सारवल्यासारखे पट्टे. कुठे पिवळा डाग, कुठे पांढरा. यासाठी तीस वर्षं?

काकांनी आधी पडदा तपासला, परत घेताना तपासतात तसा. कडा, शिवण, खालचा गोट. “उंदीर लागला नाई,” ते म्हणाले. “बरोबर ठेवला.” मग समोरच्या भिंतीतल्या रुंद दारातून उलटे चालत बाहेर पडले. उलटेच मधलं दालन ओलांडलं. रक्षकाची खुर्ची लागली, ती सरकवली. रक्षक धावला, “बाबा, कहाँ जा रहे हो पीछे-पीछे?”

“तूबी ये,” काका म्हणाले. “इधर आ. वहाँ से कुछ नहीं दिखता.”

मग त्यांनी दोरीला चिकटलेल्या लोकांना हाक मारली. “अरे भाई, पीछे सरको! वो पास से देखने का नहीं है! और पीछे! ओ चश्मेवाले, और!” आवाज नाटकवाल्याचा. लोक दचकले आणि खरंच सरकले. दहा-पंधरा अनोळखी माणसं, एक रक्षक, मी आणि काकी उलटं चालत ठिपक्याच्या चित्राजवळ येऊन उभे राहिलो आणि दोन दारांतून पलीकडे पाहिलं.

फराटे गेले होते. सागाच्या पानांतून सकाळचा उजेड खाली येत होता. डावीकडे मोहाचं झाड, त्याच्या बुंध्याशी पांढरे डाग होते ती पडलेली मोहफुलं. मागे पाणी. आणि पाण्याकडे जाणारी एक पायवाट, जिच्यावर पाय टाकावासा वाटत होता. काकी हळूच म्हणाली, “तो मोहा कालव्याच्या कामात गेला वो. आमी तिथी फुलं वेचाले जात होतो.”

रक्षकानं विचारलं, “बाबा, इसमें शेर नहीं है?”

“शेर का काम नट करता है,” काका म्हणाले. “परदे का काम जगह देना.”

तोपर्यंत कोणीतरी वर कळवलं होतं. एक अधिकारी बाई आल्या. रागवायला आल्या असाव्यात, पण काकांनी गावाचं नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. “आप वही पोस्टकार्ड वाले बाबा हैं?”

त्यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं. चहा मागवला. मग कपाटातून एक राखाडी पेटी काढली, हातात पांढरे मोजे घातले आणि पेटी उघडली. आत काकांची सगळी पोस्टकार्डं होती. प्रत्येक वेगळ्या पारदर्शक पाकिटात, प्रत्येकावर पेन्सिलीनं क्रमांक. ‘मंडई आली. पडदा धाडा.’ ‘मंडई आली. पडदा धाडा.’ ‘मंडई आली. पडदा धाडा.’

“एक भी नहीं फेंका हमने,” बाई अभिमानानं म्हणाल्या. “ये भी अब संग्रह का हिस्सा हैं.”

“और जवाब?” मी विचारलं.

“जवाब देने का विभाग अलग है.”

काकांनी एक पाकीट उचलायला हात पुढे केला. बाईंनी अदबीनं पेटी मागे ओढली. “प्लीज, हाथ मत लगाइए.”

“हे बी ठेवून घेतले,” काका मला म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या पट्टीच्या चोराला पट्टीच्या माणसानं द्यावी तशी दाद होती.

मग ते सरळ मुद्द्यावर आले. “मॅडम, मंडई पंद्रह दिन पे है. परदा दे दो. बांबू लाया मैं.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे समजावलं की हवेतला ओलावा, कापडाचं वय, नियम, समिती. आणि मुख्य म्हणजे, “बाबा, ये अब राष्ट्र का है.”

“बराबर,” काका म्हणाले. “हमारा गाँव भी राष्ट्र में ही है नं? मंडई होने के बाद फिर ले जाना. नारियल लेके आना बस.”

बाईंना हसू आलं आणि मग ते आवरावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, परत तर देता येणार नाही, पण एक करता येईल. पाटीवरचं ‘अज्ञात’ काढून तिथे तुमचं नाव लिहू. आजच अर्ज भरू. त्यांनी फॉर्म पुढे केला, पेन उघडून दिलं.

हेच तर मी पत्रकात मागितलं होतं! काकी म्हणाली, “लिहा नं. एवढ्या लांब आलो.”

काकांनी फॉर्म हात लांब करून धरला. “नाव लिहिलं तं पडदा भेटन?”

“नहीं बाबा. वो तो यहीं रहेगा.”

“मंग नाव लिहिलं म्हंजे सही केल्यासारखं झालं. त्या पाच जनांत साहवा मी.” त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, पेनाला टोपण लावलं. “राहू द्या अज्ञात. जोवर अज्ञात आहे तोवर उसना आहे.”

मी बाहेर येऊन त्यांच्याशी भांडले. फाटकापाशी उभं राहून सांगितलं की नाव मिळणं हा हक्क आहे, तुम्ही तो लाथाडला, चळवळीचं नुकसान केलं. ते ऐकत होते. माझं बोलून झालं तेव्हा म्हणाले, “कॉम्रेड, तू लय जवळून बोलून राहिली. जराशी मागं सर.” मी मागे सरले नाही. आता वाटतं, सरायला हवं होतं.

काकीला बांबूची आठवण झाली. “बिल्ला द्या नं त्याले. बांबू घ्या अना चला.”

“राहू दे तिथी,” काका म्हणाले. “पडदा धाडतीन तवा गुंडाळाले लागन.” आणि पितळी बिल्ला खिशात टाकून रस्त्याला लागले.

सहा-आठ महिन्यांनी दिल्लीहून एक लांब नळकांडं आलं. बाईंनी पडद्याचा फोटो काढून पूर्ण आकाराचं फ्लेक्स पाठवलं होतं, मनापासून. कमिटीनं पुढच्या मंडईच्या सकाळी ते मंचावर टांगलं आणि गाव पाहायला लोटलं. फोटो उत्तम होता. झाडं होती, पाणी होतं, मोहा होता. आणि खालच्या बाजूला लाल दोरी होती, रक्षकाची अर्धी खुर्ची होती, उजव्या कोपऱ्यात पाटी होती: ‘कृपया हात लावू नका.’ राजपुत्राचं काम करणारा पोरगा तालमीसाठी पुढे झाला आणि “किती हे घनदाट अरण्य” म्हणत नेमका पाटीशेजारी उभा राहिला. नाक्यावर अडवल्यासारखा.

काका शेवटच्या सतरंजीच्या जागी गेले. तिथून पाहिलं. “जंगल नाई हे,” ते म्हणाले. “जंगल कसं कोंडलं, त्याचा फोटो आहे.” दुपारपर्यंत कमिटीनंच फ्लेक्स उतरवलं आणि राजवाडा चढवला. लोकांना बरं वाटलं. ते फ्लेक्स आता एकाच्या कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर ताडपत्री म्हणून पसरलेलं असतं, पाटी वरच्या अंगाला. पाखरं वाचत नाहीत.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. गावातली माणसं अंगणात आली ती सवयीनं चिंचेजवळच थांबली, कोणी पुढे होईना. काकी ओसरीवरून ओरडली, “या नं जवळ. आता नाई म्हनत ते मागं सरा.” मग माणसं पुढे आली.

कमिटीनं या वर्षी नवा पडदा करायचं ठरवलं होतं. देवरीचा एक पेंटर पाहूनही ठेवला. बैठकीत काकी उठली आणि पदराच्या गाठीतून पितळी बिल्ला काढून सगळ्यांसमोर ठेवला. म्हणाली, “माजा बांबू तिथी पडद्याची वाट पाहून राहिला. मी काय म्हनू त्याले?” कमिटीनं तिथूनच देवरीच्या पेंटरला फोन करून नको सांगितलं. यंदाही राजपुत्र झुंबरांखालीच वनवास भोगणार आहे.

दसऱ्याला मी पोस्टात गेले. माझी सवय चार पानी पत्रकाची. कार्डावर जागा कमी, म्हणून अक्षर मोठं काढलं आणि शब्द कमी केले. दिल्लीत कोणीतरी मोजे घालून ते पाकिटात ठेवील, वर पेन्सिलीनं क्रमांक टाकील, आणि एकही फेकणार नाही, याची मला पूर्ण खात्री आहे.

‘मंडई आली. पडदा धाडा. ओला होऊ देऊ नका. उंदरापासून जपा. बांबू तुमच्याकडेच आहे.’